खुंटीला टांगलेली बाटली

वसई तालुक्यात वाढलेले, तीस वर्षांचे एक तरुण धर्मगुरू प्रशांत महासागरातील किरिबाटी या देशाच्या एका दूरच्या बेटावरून लिहितात. त्यांच्या संस्थेने त्यांना तीन वर्षांसाठी तिथे पाठवले असून त्यांपैकी अकरा महिने झाले आहेत. पहाटे साडेचारला उठायचे, घंटा म्हणून टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर लोखंडी गज वाजवून लोकांना मिस्साला बोलवायचे, नंतर विहिरीचे पाणी शेंदून उकळायला ठेवायचे, शाळेत धर्मशिक्षणाचा तास घ्यायचा, दुपारी उन्हाने काहीच सुचत नाही म्हणून पडून राहायचे, संध्याकाळी आजाऱ्यांना भेटायचे आणि शनिवारी भरती-ओहोटीची वेळ पाहून लांबच्या गावांकडे मोटरसायकलने निघायचे, असा त्यांचा दिनक्रम आहे. "दिवस सरतो, पण आज मी काय केले असे स्वतःला विचारले तर सांगण्यासारखे काही नसते," असे ते म्हणतात. भाषा अजून जेमतेम येते. लोक चार-पाच पिढ्यांचे ख्रिस्ती आहेत आणि गाण्यात, प्रार्थनेत त्यांच्याहून पुढे आहेत. वरिष्ठांना पाठवायच्या तिमाही अहवालाचे रकाने रिकामे राहतात. लोक त्यांच्याकडे सतत काही ना काही मागतात. तिथे या प्रथेला ‘बुबुसी’ म्हणतात. दोन शर्ट, सौर दिवा, दाढीचे सामान असे एकेक करून गेले, तेव्हा उरलेली विजेरी त्यांनी उशीच्या अभ्र्यात लपवली आणि त्याची त्यांना लाज वाटते आहे. पावसाचे पाणी साठवण्यासाठी टाकी बांधण्याची योजना त्यांनी गावसभेत मांडली. वसईतील मित्र पैसे द्यायला तयार आहेत, पण सभेत सगळ्यांनी ऐकून घेतले आणि कोणी एक शब्दही बोलले नाही. घरी आई एकटी असते आणि तिचे गुडघे दुखतात. परत बोलावून घ्या अशी विनंती करावी, की उरलेली दोन वर्षे काढावीत, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय फादर,

तुमचे सात पानांचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमचा थकवा माझ्याही अंगात उतरला. दुसऱ्या वेळी मात्र चौथ्या पानावरच्या एका ओळीशी मी थांबले आणि तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "सकाळी दाराच्या खुंटीला करेवेची बाटली टांगलेली असते, तोच नाश्ता," असे लिहून तुम्ही लगेच पाण्याच्या विषयाकडे वळला आहात, आणि जाता जाता एवढेच सांगितले आहे की ती बाटली कोण ठेवतो हे तुम्हाला आठ महिन्यांनी कळले. तो तुमच्या वृद्ध धर्मशिक्षकांचा नातू निघाला. मला वाटते, तुमच्या प्रश्नाचा विचार या ओळीपासून सुरू करावा.

करेवे म्हणजे काय हे वसईच्या माणसाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. माडाची पोय उमलण्याआधीच दोरीने आवळून बांधतात, तिचे टोक धारदार पात्याने पातळ तासतात आणि खाली बाटली लावतात. थेंब थेंब गळणारा हा रस ताजा प्यायला तर ती आपली नीरा, आटवला तर काकवीसारखा दाट पाक, आणि तसाच ठेवला तर माडी. रस चालू राहायचा असेल तर पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास, असे दिवसातून दोनदा, झाडावर चढून टोक नव्याने तासावे लागते आणि त्यात खाडा चालत नाही. ज्या पोयीचा रस काढला तिला नारळ धरत नाहीत. जिथे सुके खोबरे विकणे हाच रोख पैसा मिळवण्याचा मुख्य मार्ग आहे, तिथे याचा अर्थ काय होतो ते तुम्ही जाणताच. शिवाय प्रवाळाच्या वाळूत भाजीपाला फारसा येत नाही, त्यामुळे तिथल्या मुलांना जीवनसत्त्वे पिढ्यानपिढ्या या रसातून मिळत आली आहेत. म्हणजे, फादर, आठ महिने एक मुलगा रोज अंधारात माडावर चढून आपल्या घरातल्या पोरांच्या वाट्याचा रस तुमच्या दाराशी आणून ठेवत होता, आणि त्याच काळात तुम्ही, आपण या लोकांना काहीच देऊ शकत नाही, म्हणून झुरत होता.

हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. पंचविसाव्या वर्षी मी जव्हारकडच्या एका पाड्यावर शिक्षिका म्हणून गेले. पहिल्याच आठवड्यात शेजारची एक वारली बाई नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी घेऊन आली. तिच्या घरात चार मुले होती आणि पावसाळ्याचे दिवस होते, म्हणून "अहो, तुम्हालाच पुरायचे नाही, मला कशाला?" असे म्हणून मी ती परत पाठवली. आपण मोठा समंजसपणा दाखवला असे मला वाटले. ती बाई दिवाळीपर्यंत माझ्या उंबऱ्याला आली नाही. पुढे मला ताप भरला, चूल पेटवण्याइतकीही ताकद उरली नाही, तेव्हा मीच एका पोरीला तिच्याकडे धाडून पेज मागितली. ती पेज घेऊन आली, माझ्या उशाशी बसली, आणि मला ‘बाई’ म्हणायचे सोडून ‘पोरी’ म्हणाली. त्यानंतरच्या सोमवारी तिची थोरली मुलगी शाळेत आली. तीन महिने घरोघर फिरून मला जे जमले नव्हते ते वाडगाभर पेजेने झाले. तुमचे पत्र वाचताना ती पेज मला आठवत होती.

तुमच्या सगळ्या पत्राखाली एक समजूत आहे: ज्याला पाठवले जाते त्याने द्यायचे असते आणि ज्यांच्याकडे पाठवले जाते त्यांनी घ्यायचे असते. या मापाने मोजले तर पाणी शेंदणे, ताटकळत बसणे, म्हाताऱ्यांच्या गप्पा अर्ध्यामुर्ध्या समजत ऐकणे हे सगळे वाया गेलेले तास ठरतात, आणि खरे काम अजून सुरूच झालेले नाही असे वाटत राहते. मला हे माप तपासून पाहावेसे वाटते, कारण ज्या बेटांवर तुम्ही आहात त्यांचा इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

तिथल्या कॅथलिक समाजाचा आरंभ कोणा परदेशी धर्मगुरूने केलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. गिल्बर्ट बेटांतील, म्हणजे आजच्या किरिबाटीतील, बेटेरो आणि टिरोई हे दोघे मजुरीसाठी ताहितीला गेले, तिथे ख्रिस्ती झाले आणि 1880 च्या सुमारास नोनोउटी बेटावर परतल्यावर त्यांनी आपल्या लोकांना प्रार्थना शिकवली, शेकडो जणांना बाप्तिस्मा दिला आणि आमच्याकडे धर्मगुरू पाठवा म्हणून निरोप धाडले. सेक्रेड हार्ट संस्थेचे पहिले मिशनरी तिथे पोहोचले ते 1888 मध्ये. म्हणजे ते आले तेव्हा लोक वाट पाहत बसलेले होते, प्रार्थनेसाठी जागा उभारलेली होती, आणि आलेल्यांना आधी पाहुणा व्हावे लागले. आज देशातील निम्म्याहून अधिक लोक कॅथलिक आहेत. "हे लोक माझ्याहून पुढे आहेत, मग माझी गरज काय?" असे तुम्ही विचारता. तुमची गरज नाही असे यातून निघत नाही. पण तुम्ही तिथे शिकवायला आलेले पहिले गुरुजी नाही, एका जुन्या घरात आलेला नवा माणूस आहात, एवढे मात्र निघते. नव्या माणसाला आधी घराची रीत शिकावी लागते.

काही वाचक मुळातच विचारतील की दुसऱ्याच्या बेटावर जाऊन धर्म सांगण्याचा अधिकार कोणाला आहे. हा प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांना तिथली नृत्ये पसंत नव्हती आणि ती बंद पाडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. आज तीच नृत्ये त्या देशाचा अभिमान आहेत. ज्यांना द्यायची फार घाई होती त्यांच्या हातून लोकांजवळचे पुष्कळ काही हिरावलेही गेले. म्हणून तुम्हाला अकरा महिन्यांत काही ‘करून दाखवता’ आले नाही याचे मला तुमच्याइतके वाईट वाटत नाही.

आता काळाचा हिशेब पाहू. हायरम बिंगहॅम हे प्रोटेस्टंट मिशनरी 1857 मध्ये पत्नीसह अबाइआंग बेटावर उतरले तेव्हा तिथल्या भाषेला लिपी नव्हती. त्यांनी रोमन लिपीतील तेरा अक्षरांत ती बसवली. त्या लिपीत ‘स’ साठी वेगळे अक्षर नाही, म्हणूनच देशाचे नाव लिहितात किरिबाटी आणि उच्चारतात किरिबास. संपूर्ण बायबलचे भाषांतर पुरे व्हायला 1890 साल उजाडले, म्हणजे तेहतीस वर्षे लागली. त्यांना पाठवणारे बॉस्टनचे अमेरिकन बोर्ड आपल्याला अगदीच परके नाही. याच मंडळाचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांनी मराठी मिशन सुरू केले. आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले आणि त्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले 1616 मध्ये. सदतीस वर्षांनंतर हा इंग्रज माणूस मराठीत ओव्या लिहू शकला, कारण त्याआधीची कितीतरी वर्षे तो गोव्यातल्या साष्टीच्या गावांत लोकांचे बोलणे ऐकत होता. आणि तुमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तर मुळात प्रवचनकार नव्हतेच. 1593 मध्ये ते फ्रान्सिस्कन ब्रदर म्हणून जपानला परतले ते दुभाषा या नात्याने, कारण तिथे आधी राहून त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली होती. वसईच्या मुलांना त्यांचे हौतात्म्य शिकवले जाते, पण त्या आधीचे ते दुभाषाचे काम, दुसऱ्याचे बोलणे नीट समजून घेऊन पोहोचवण्याचे, मला फार महत्त्वाचे वाटते.

तेव्हा माझी पहिली सूचना भाषेची आहे. दुपारचा जो वेळ तुम्ही पडून काढता, त्यातला एक तास भाषेला द्या, पण पुस्तक घेऊन एकटे बसू नका. धर्मशिक्षक आजोबांना तुमचे रविवारचे प्रवचन शनिवारी वाचून दाखवा आणि त्यांना चुका काढू द्या. महिन्यातून एका रविवारी प्रवचन त्यांनाच करायला सांगा आणि तुम्ही लोकांमध्ये बसून ऐका. आणि त्यांच्या नातवासोबत एखाद्या संध्याकाळी माडाखाली जाऊन उभे राहा. तिथले लोक रस काढायला वर चढले की शेंड्यावरून मोठ्याने गातात, हे तुम्ही रोज ऐकत असाल. तो काय गातो हे तुम्ही त्याला अजून विचारलेले दिसत नाही. पोरासोरांकडून शिकताना आपण हास्यास्पद होतो, आणि परक्या माणसावर हसता येऊ लागले की तो निम्मा आपला झालेला असतो.

बुबुसीबद्दल तुम्ही सर्वांत जास्त चिडून लिहिले आहे आणि त्या चिडीची तुम्हाला सर्वांत जास्त खंतही वाटते. आधी खंत बाजूला ठेवा. नात्यातल्या किंवा जवळच्या माणसाने मागितलेले नाकारणे तिथे लाजिरवाणे मानतात, आणि या प्रथेचे ओझे खुद्द तिथल्या लोकांनाही होते. राजधानीत पगाराची नोकरी करणारा किंवा छोटे दुकान चालवणारा तिच्यापायी मेटाकुटीला येतो. त्यामुळे तुम्ही थकलात यात पाप नाही. पण ही प्रथा कशातून आली तेही पाहा. पाऊस कधी पडतो, कधी वर्षभर पाठ फिरवतो. मासळी एकाच्या जाळ्यात येते, दुसऱ्याच्या येत नाही. आणि आजची मासळी उद्यापर्यंत टिकवायला बर्फ नसतो. अशा ठिकाणी जास्तीचे मासे ठेवायची सुरक्षित जागा एकच, ती म्हणजे शेजाऱ्याचे पोट. आज मी दिलेले त्याच्याकडे जमा राहते आणि माझ्या अडीअडचणीला मी ते मागू शकतो. वाटीभर साखर मागायला जाणाऱ्या आपल्या आयांना हे नियम कोणी शिकवावे लागले नव्हते.

तुमच्या पत्रात मात्र मागण्यांची यादी एकाच बाजूची आहे. अकरा महिन्यांत तुम्ही स्वतः कोणाकडे काय मागितले, याचा एकही उल्लेख मला सापडला नाही. जो फक्त देतो आणि कधीच मागत नाही तो त्या वर्तुळाच्या बाहेर राहतो. लोक त्याच्याकडे कोठाराकडे जावे तसे जातात. म्हणून माझे सांगणे तुम्हाला उलटे वाटेल, पण मागायला लागा. झोपायला चटई मागा. ती ज्या झाडाच्या पानांची विणतात ते आपल्या केवड्याच्याच कुळातले आहे, आणि ती विणणारी आजी तुमच्याशी तासभर तरी बोलेल. छप्पर शाकारायला शिकवा म्हणून सांगा. होडीत एक जागा मागा. एखाद्या घरी निरफणस भाजलेला दिसला तर आत जाऊन बसा. देताना मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. चर्चची होडीची मोटर, औषधे, सौर पॅनल ही तुमची मालमत्ता नाही. तिची जबाबदारी धर्मग्रामाच्या दोन-तीन ज्येष्ठांकडे सोपवा, म्हणजे "हे द्यायचा मला अधिकार नाही" हे तुमचे वाक्य खरे असेल. स्वतःच्या वस्तूंपैकी जी गेली तर मनात अढी बसेल अशी वस्तू मुळात कमीत कमी जवळ ठेवा. आणि ती विजेरी आजच अभ्र्यातून बाहेर काढून सर्वांना दिसेल अशी भिंतीला टांगा. रात्री आजाऱ्याकडे जायला ती लागते, हे कारण कोणालाही पटेल. नकार कोणत्या शब्दांत दिला तर समोरच्याचा मान राहतो, ते आजोबांकडून शिकून घ्या. प्रत्येक भाषेत त्याची एक पद्धत असते आणि ती शब्दकोशात सापडत नाही.

आता टाकी. तुम्ही लिहिता की मानेआबात, म्हणजे गावाच्या त्या मोठ्या शाकारलेल्या सभागृहात, तुम्ही उभे राहून कागदावरचे चित्र दाखवले, रक्कम सांगितली आणि मग शांतता पसरली. त्या सभागृहात प्रत्येक कुळाची बसण्याची जागा ठरलेली असते, बोलण्याचा मान वृद्धांचा, उनिम्वान्यांचा असतो आणि निर्णय सगळ्यांचे एकमत होईपर्यंत लांबतो, हे तुमच्याच पत्रात आहे. अशा ठिकाणी तिशीतला अविवाहित पाहुणा उभा राहून तयार योजना मांडतो, तेव्हा वडीलधाऱ्यांनी लगेच काय बोलावे? टाकी कोणाच्या जमिनीवर बसणार, कारण तिथे जमिनीचा प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या घराण्याचा आहे? पाणी कोण वाटणार? प्रोटेस्टंट शेजाऱ्यांना मिळणार की नाही? पन्हळ तुटली तर दुरुस्त कोण करणार? हे प्रश्न त्या रात्री घरोघर बोलले गेले असतील. त्या शांततेचा अर्थ ‘अजून बोलून झालेले नाही’ असा असू शकतो. तो ‘नको’ असाही असू शकतो, आणि मग तो तुम्हाला मान्य करावा लागेल. अपमान मात्र त्यात मला दिसत नाही.

पाण्याच्या बाबतीत तुम्हाला एक फायदा आहे, जो मुंबईतून येणाऱ्या कुठल्याही अभियंत्याला नसेल. तुम्ही बावखळांच्या, म्हणजे पावसाचे पाणी साठवून मुरवणाऱ्या उघड्या तळ्यांच्या, गावचे आहात. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर कसे तरंगते, बावखळे बुजवली आणि विहिरी बेसुमार उपसल्या की खारेपण कसे वर चढते, हे वसईच्या माणसाने डोळ्यांनी पाहिले आहे. प्रवाळ बेटाखाली हेच घडते, पण तिथे बेट समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच आणि काही शे मीटर रुंद असते, त्यामुळे गोड्या पाण्याचा थर फार नाजूक असतो. तिथल्या लोकांनी ब्वाब्वाई हे अळूच्या कुळातले कंद लावण्यासाठी खणलेले खड्डे नेमके या थरापर्यंत पोहोचतात. म्हणून कोणी पंप बसवायचा सल्ला दिला तर सावध राहा. बादलीने हळूहळू शेंदलेली विहीर गोडी राहते, मोटरीने ओढलेली खारी होऊ शकते. तुमची पावसाच्या पाण्याची कल्पना या दृष्टीने योग्य आहे. शंभर चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी मिळते, हा हिशेब शाळेतल्या मुलांकडून करून घ्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एल निन्योच्या वर्षी आपल्याकडे पावसाची चिंता असते, तेव्हा तुमच्याकडे तो भरपूर पडतो; ला निन्याच्या वर्षी तुमच्याकडे दुष्काळ येतो. मागच्या दुष्काळात कोणत्या विहिरी टिकल्या, हे वृद्धांना माहीत असते. योजना पुन्हा मांडू नका. आजोबांसोबत एकेका घरी जा आणि एवढेच विचारा. टाकी व्हायची असेल तर पुढच्या वेळी तो विषय एखादा उनिम्वाने स्वतः काढेल, आणि ती त्यांची टाकी असेल. वसईच्या मित्रांना तोवर थांबायला सांगा. पैसे सडत नाहीत.

अहवालाच्या रिकाम्या रकान्यांबद्दल थोडेच लिहिते. रकाने ज्यांनी आखले त्यांना तुमचे बेट दिसत नाही. रकान्यांत जे खरे असेल तेच भरा आणि सोबत एक पानाचे पत्र जोडा: किती घरांत जेवलो, कोणाच्या मरणाला रात्रभर बसलो, किती माणसांना आता नावाने हाक मारू शकतो. संस्थेचे वरिष्ठही कधीकाळी कुठेतरी नवखे होते. आश्रमशाळेवर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी आणि बंधपत्रावर दुर्गम आरोग्य केंद्रात गेलेल्या तरुण डॉक्टरांनीही हे करून पाहावे, कारण आकड्यांच्या तक्त्यात न मावणारे काम त्यांच्याही वाट्याला रोज येते आणि ते कोणी मागत नाही म्हणून कुठे लिहिले जात नाही.

एका बाबतीत मात्र मी समजुतीच्या सुरात बोलणार नाही. दुपारी पडून राहणे, संध्याकाळी दिवसाचा काहीच अर्थ न लागणे, हा हवेचा आणि एकाकीपणाचा परिणाम असू शकतो, तसे ते आजाराचे लक्षणही असू शकते. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, अन्नाची चव गेली असेल, प्रार्थनेला बसवत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पुढच्या विमानाने राजधानीला, टारावाला जा, डॉक्टरांना दाखवा आणि वरिष्ठांना त्याच दिवशी कळवा. यात श्रद्धा कमी पडल्याचा प्रश्न येत नाही. ताप आला तर आपण श्रद्धा तपासत बसत नाही, औषध घेतो.

राहता राहिला तुमचा मूळ प्रश्न, परत यावे की राहावे. बिंगहॅम यांची प्रकृती त्या बेटांवर ढासळली, त्यांना 1875 मध्ये कायमचे होनोलुलूला परतावे लागले आणि भाषांतराचे उरलेले काम त्यांनी तिथे बसून पुरे केले. त्यांना कोणी पळपुटे म्हटले नाही. परतण्यात कमीपणा नाही. प्रकृती साथ देत नसेल, आईला खरोखरच तुमच्यावाचून आधार नसेल, किंवा शांतपणे विचार केल्यावर हे जीवन आपले नाही असे आतून वाटत असेल, तर ही तिन्ही कारणे पुरेशी आहेत आणि ती स्पष्ट शब्दांत वरिष्ठांना लिहिता येतात. पण ‘माझ्या हातून काही होत नाही’ हे कारण मी इतक्यात धरणार नाही, कारण काय होते आहे हे तुम्ही आत्ता कुठे पाहू लागला आहात. माझे मत विचाराल तर आणखी सात-आठ महिन्यांनी, ईस्टरनंतरची एखादी तारीख ठरवा आणि तोवर हा निर्णय रोज रात्री पुन्हा उकरून काढू नका. मात्र मनात हा विचार आहे हे वरिष्ठांना आत्ताच कळवा, म्हणजे ती तारीख तुम्हाला एकट्याने वागवावी लागणार नाही. आणि जायचे ठरलेच तर विमानात गुपचूप बसू नका. मानेआबात जाऊन रीतसर निरोप घ्या.

आईबद्दल तुम्ही पुष्कळ लिहिले आहे, पण त्यांना स्वतःला काय हवे आहे हे विचारल्याचे लिहिलेले नाही. मुलाने परत यावे की गुडघ्यांसाठी कोणीतरी डॉक्टरकडे घेऊन जावे, यांतले काय त्यांना हवे आहे, हे तुम्ही दुरून ठरवू नका. दुसरी गोष्ट असेल तर ती तुमच्या गावातले शेजारी आणि ज्या मित्रांनी टाकीसाठी पैसे देऊ केले ते मित्र करू शकतील. त्यांच्याकडेही थोडी बुबुसी करून पाहा. तुमची वेळ वसईच्या साडेसहा तास पुढे आहे. ज्या दिवशी फोन लागतो त्या दिवशी रात्री आठला लावत जा, म्हणजे तिकडे दुपारचे दीड वाजलेले असतील आणि आई जेवून निवांत बसलेल्या असतील. तब्येतीची चौकशी थोडी मागाहून करा आणि आधी त्यांना खुंटीला टांगलेल्या बाटलीबद्दल सांगा, कारण माडावर चढणारी माणसे त्यांनी पाहिलेली आहेत आणि पहाटेच्या नीरेची चव त्यांना सांगावी लागणार नाही. तो मुलगा कोण, कोणाचा, त्याचे नाव काय, असे त्या लगेच विचारतील. तुमच्या सात पानांत ते नाव मला कुठे सापडले नाही. पुढच्या पत्रात मलाही कळवा.